अप्पांना कन्नड कळेनासं झालंय असं आम्ही तीन वर्षं समजत होतो (कानाची तपासणी कुठं, कशी?)

अनगोळकर
नमस्कार मंडळी, थोडं लांब लिहितोय, सांभाळून घ्या. विषय आमच्या अप्पांचा आहे. वय ६८, उद्यमबागेत एका फौंड्रीत ३१ वर्षं फेटलिंगला होते, म्हणजे ओतलेल्या लोखंडी भागांवरची जादा धार ग्राइंडरनं घासायचं काम. रिटायर होऊन आठ वर्षं झाली.

गेली दोनतीन वर्षं अप्पा बाजारात जायची टाळाटाळ करालेत. आधी रविवार पेठेतनं काय आणायचं म्हटलं की पिशवी घेऊन तेच पुढं, आता मला नाहीतर बायकोला पाठवतात. विचारलं तर म्हणायचे, "सगळे कन्नडात बोलतात रे आताशा, मला कळत नाही, तूच जा." आम्हाला ते पटायचं, कारण आपल्या बेळगावात हे कारण कुणालाही पटतं. बँकेत तेच, बसमध्ये तेच, दवाखान्यातसुद्धा तेच. मी उलट तावातावानं म्हणायचो की मराठीत चार शब्द बोलायला काय जातं यांचं.

मागच्या महिन्यात मी सोबत होतो. भाजीवाली म्हणाली "तोंबत्तु", म्हणजे नव्वद. अप्पांनी ऐंशी काढून दिले. ती परत म्हणाली, अप्पा म्हणाले, "एंबत्तु की, दिले की." तेव्हा माझ्या डोक्यात लख्खकन आलं. या माणसानं ३१ वर्षं कन्नड बोलणाऱ्यांच्यात काम केलंय, यांचा सुपरवायझर गोकाकचा, शेजारच्या मशीनवरचा बैलहोंगलचा, आम्हा पोरांना कन्नड आकडे अंगणात बसून यांनीच शिकवलेत, त्यांना ऐंशी आणि नव्वदातला फरक कळेना कसा?

घरी येऊन मी नीट बघायला लागलो. कुकरची शिट्टी त्यांना आतल्या खोलीत ऐकू जात नाही. माझा आवाज जाड आहे तो कळतो, पण पाच वर्षांची नात बोलली की "ही तोंडातल्या तोंडात बोलते" म्हणतात. पंखा चालू असताना जेवायला बसलं की गप्प होतात, नाहीतर भलत्याच प्रश्नाचं उत्तर देतात. टीव्हीचा आवाज तर विचारू नका. कोरोनात सगळ्यांनी मास्क लावले तेव्हा ते लई चिडचिडे झालेले, ते आता आठवालंय.

कान तपासूया म्हटलं की "मला ऐकू येतंय, तुम्ही नीट बोला" एवढंच. काय करायचं सांगा. तपासणीत नेमकं काय करतात? दुखतं का?

निपाणीवाला
आधी मळ बघून घ्या बघा. आमच्या आईचं असंच वाटलं होतं, आता कानाचं मशीन लागणार म्हणून आम्ही रडवेले झालेलो. डॉक्टरनं कानात दुर्बीण घालून बघितलं तर दोन्ही कानात मळ घट्ट बसलेला, थेंब देऊन पाच दिवसांनी काढला आणि आई म्हणाली भिंतीवरचं घड्याळ आधीपासनं एवढ्यानं वाजालंय का? प्रत्येकाचं असं सोपं सुटत नाही हे खरं. पण मळ असताना तपासणी केली तर आकडे चुकीचे येतात, म्हणून पहिलं काम तेच. आणि घरी काडी, हेअरपिन, गरम तेल काहीही घालू नका. पडदा फुटलेला असला तर तेल आत जातंय आणि पू होतोय.

श्रवणतज्ज्ञ_चिकोडी
अनगोळकर, मी ऑडिओलॉजिस्ट आहे, या भागात वीसेक वर्षं कान तपासतेय. तुम्ही भाजीवालीचा जो किस्सा लिहिलाय तो मी माझ्याकडं शिकायला येणाऱ्या पोरांना सांगणार आहे, तुमची हरकत नसेल तर.

काय होतंय ते बघा. वयानं आणि मशीनच्या आवाजानं कान जातो तेव्हा सगळा आवाज सारखा कमी होत नाही, आधी बारीक म्हणजे उंच पट्टीचे, शिट्टीसारखे आवाज जातात. बोलण्यात स्वर दणकट असतात, अ आ ओ ए ऐकू येत राहतात. व्यंजनं कमजोर, त्यातही स, श, फ, थ, त, क. ती गळतात. म्हणून माणूस म्हणतो "आवाज येतोय, शब्द कळत नाही" आणि ते शंभर टक्के खरं असतं. तोंबत्तु मधला पहिला त गळाला की कानात पडतं ओंबत्तु, म्हणजे नऊ. भाजीचे नऊ रुपये कसे असतील, म्हणून मन जवळचा आकडा लावून घेतं, एंबत्तु. मराठीतही तेच, साठ मधला स गेला की आठ. नातीचा आवाज बारीक, म्हणून ती तोंडातल्या तोंडात बोलते असं वाटतं. कुकरची शिट्टी बारीक. तुम्ही जाड आवाजाचे, म्हणून तुम्ही कळता.

आता कन्नडाचं. आपल्या आईच्या भाषेत निम्मा शब्द पडला तरी मन उरलेला भरून काढतं, सवय असते. नंतर शिकलेल्या भाषेत ते भरून काढणं तेवढं जमत नाही, कितीही फाडफाड बोलत असलो तरी. म्हणून कान उतरायला लागला की दुसरी भाषा आधी "कळेनाशी" होते आणि मराठी वर्षदोन वर्षं चालून जाते. माणूस खोटं बोलत नसतो, त्याला खरंच तसं वाटतं. माझ्याकडं कन्नड घरातले आजोबा येतात, ते सांगतात मराठी लोकांचं बोलणं हल्ली समजत नाही. दोघांचं दुखणं एकच.

तर खूण अशी धरा. आधी कळत होतं आणि आता कळत नाही असं असेल तर भाषेला दोष देऊ नका, कान बघा.

घरी एक करून बघता येतं. अप्पांच्या पाठीमागं हातभर अंतरावर उभं राहा, म्हणजे ओठ दिसणार नाहीत. त्यांना एक कान बोटानं दाबून घासत राहायला सांगा. पूर्ण श्वास सोडून कुजबुजत्या आवाजात तीन गोष्टी मिसळून बोला, म्हणजे "सात, क, चार" असं, आणि परत म्हणायला सांगा. दुसऱ्या कानाला वेगळे आकडे घ्या. दोनदा करूनही निम्मे सांगता आले नाहीत तर तपासणी करायचीच. ही फक्त चाळणी आहे, निदान नव्हे.

वडगावचा_माग
ताई तुमचं वाचून मी गपच बसलो. मी ४३ वर्षांचा, पॉवरलूमवर वयाच्या सतराव्या वर्षापासनं. आमच्यात शेडमध्ये ओठ बघून आणि हातानं खुणा करून बोलायची पद्धतच आहे, सगळेच तसं करतात म्हणून कुणाला काय कमी ऐकू येतंय हे समजतच नाही. घरी गेल्यावर रात्री कानात गुंई आवाज येत राहतोय, बायको म्हणती मी ओरडून बोलतो. हे पण तेच काय?

श्रवणतज्ज्ञ_चिकोडी
होय दादा, तेच असण्याची शक्यता मोठी आहे आणि तुम्ही अजून ४३ चे आहात म्हणून लवकर या. ८५ डेसिबलच्या आवाजात दिवसाला आठ तास हा कानाला सोसेल असा अंदाज धरतात, त्यावर दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो, म्हणजे ८८ ला चार तास, ९१ ला दोन. मागाच्या शेडमध्ये आवाज ९० च्या वर सहज असतो. आवाजानं कान जातो तेव्हा तपासणीच्या आलेखावर बहुतेक ४००० हर्ट्झला, म्हणजे उंच पट्टीच्या आवाजाला, एक खड्डा दिसतो, तो बघितला की पेशंट मोठ्या आवाजात काम करत असणार अशी शंका आम्हाला येते. आतल्या कानातल्या केसांसारख्या पेशी एकदा मेल्या की परत उगवत नाहीत. उरलेल्या वाचवायच्या. कानात बसणारे फोमचे प्लग मेडिकलमध्ये मिळतात, पिळून बारीक करायचे, दुसऱ्या हातानं कान वर ओढून आत सरकवायचे आणि फुगेपर्यंत धरून ठेवायचे. कापूस घालून काही होत नाही. आणि तपासायला याल तेव्हा कामाची पाळी संपवून तसेच येऊ नका. कान दमलेला असला की रिपोर्ट आहे त्यापेक्षा वाईट येतो. सुट्टीच्या दिवसानंतर सकाळी या.

खानापूरची_माहेरवाशीण
आमच्या सासूबाईंना तयार करायला दीड वर्ष गेलं. बहिरी म्हणतील लोक, हीच भीती. आम्ही "कान तपासूया" म्हणणं बंद केलं. त्यांचं शुगरचं चेकअप होतं त्याच दिवशी डॉक्टरांना आधी सांगून ठेवलं आणि डॉक्टरांनीच सांगितलं की शुगर असली की डोळे बघतात तसे कानही बघायचे, मग त्या गुपचूप बसल्या. फसवलं असं म्हणाल तर म्हणा, पण शुगरमुळं कानावर परिणाम होतो हे खोटं नाही.

एक दुःखाची गोष्ट पण सांगते. त्याच्या आधी आमच्या दिरांनी एका दुकानातनं मशीन आणलं होतं, तपासणी नाही काही नाही, कानाला लावून "येतंय का आवाज? येतंय? मग झालं" असं म्हणून दिलं. त्यात सगळंच मोठं व्हायचं, भांडं पडलं तरी सासूबाई दचकून कान धरायच्या. आठ दिवसांत ते मशीन फडताळात गेलं आणि नंतर खरं मशीन घ्यायची वेळ आली तेव्हा त्यांना आधी ती भीती घालवावी लागली. तपासणीच्या आधी मशीन आणू नका, एवढं माझं हात जोडून सांगणं आहे.

मास्तर_संकेश्वर
भाषेवरून मला एक सांगावंसं वाटतं. मी कन्नड माध्यमाच्या सरकारी शाळेत शिकवतो, वर्गात मराठी घरातली पोरं बरीच असतात. दुसरीत एक पोरगी होती, मागं बसायची, प्रश्न विचारला की नुसती बघायची. आम्ही सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं की घरात मराठी बोलतात, कन्नड येत नाही, येईल हळूहळू. मी तिला मराठीत समजावलं तरी ती शेजारणीच्या पाटीत बघून लिहायची, आणि हे दिसूनसुद्धा मला कळलं नाही. शाळेत आरबीएसकेचं पथक आलं, १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी करतात ते, त्यांनी तिला पुढं पाठवलं. पडद्यामागं पाणी साठलेलं, सर्दी सारखी व्हायची तिला त्यातनं. औषधानं कमी झालं नाही म्हणून छोटं ऑपरेशन झालं. पुढच्या वर्षी पोरगी कन्नड कविता म्हणत होती.

सात महिने ती माझ्या वर्गात ऐकू न येता बसली होती. आता कुठलंही मूल "भाषा येत नाही" म्हणून गप्प असलं की मी आधी त्याच्या आईला विचारतो, कान फुटतो का, सर्दी सारखी असते का, घरी मराठीत मागनं हाक मारली तर वळतं का.

निपाणीवाला
मास्तर, फार मोलाचं सांगितलंत. लहान बाळांचं पण असतंय ना? आमच्या पुतण्याच्या बाळाची जन्मल्यावर लगेच कानाची टेस्ट केली होती.

श्रवणतज्ज्ञ_चिकोडी
हो, ओएई म्हणतात त्याला, बाळ झोपलेलं असताना कानात छोटी नळी लावून करतात. त्यात शंका आली तर बेरा टेस्ट, त्यात डोक्याला तारा चिकटवून मेंदूपर्यंत आवाज पोचतो का ते बघतात. बाळाला काही सांगावं लागत नाही आणि दुखतही नाही. "आमच्यात पोरं उशिराच बोलतात" म्हणून थांबू नये, महिना एक होण्याआधी चाळणी व्हावी आणि शंका असली तर तीन महिन्यांच्या आत पक्कं निदान, असं धरतात.

येळ्ळूरचा_पावणा
मधेच लिहितोय पण हे राहायला नको. माझा चुलतभाऊ सकाळी उठला तर एक कान पूर्ण बंद आणि चक्कर. गार वारं लागलं म्हणून घरच्यांनी तेल शेकलं, मग कुणीतरी म्हणालं सर्दी आहे, तीन आठवडे गेले. डॉक्टर म्हणाले पहिल्या दोनतीन दिवसांत आला असता तर स्टिरॉइडनं काहीतरी हाती लागण्याची आशा होती. कान गेला तो गेलाच. अचानक एका कानानं ऐकू येईना झालं तर त्याच दिवशी कानाच्या डॉक्टरकडं जा, दुसऱ्या दिवसाची वाट बघू नका.

अनगोळकर
सगळ्यांचे आभार. कुजबुज करून बघितली. उजव्या कानाला तीनातला एक सांगता आला, डाव्याला एकही नाही. अप्पा पाठमोरे बसलेले, मी दोनदा बोललो, त्यांना मी बोललोय हेच कळलं नाही, "चालू कर की" म्हणाले. मला पुढं बोलवेना. मग त्यांनी वळून माझं तोंड बघितलं आणि स्वतःच म्हणाले, "कधी जायचं ते सांग."

काल जाऊन आलो. कसं झालं ते सविस्तर लिहितो, कुणाच्या तरी घरच्यांना दाखवायला उपयोगी पडेल.

आधी डॉक्टरनं कानात दिवा घालून बघितलं, मळ थोडा होता तो काढला, पडदे चांगले आहेत. मग एक चिमट्यासारखा लोखंडी काटा वाजवून कानाजवळ आणि कानामागच्या हाडावर धरला, कुठं जास्त येतंय विचारलं. नंतर एका छोट्या खोलीत नेलं, भिंतींना फोम लावलेला, दार लावलं की स्वतःचा श्वास ऐकू येतो. हेडफोन लावले, हातात बटण दिलं, कितीही हळू आवाज आला तरी दाबा म्हणाले. काचेतनं मला दिसत होतं. आधी जाड आवाज असणार, अप्पा पटपट दाबत होते. मग ते नुसते बसून राहिले, बटणावर अंगठा ठेवून, मान थोडी पुढं काढून, रस्त्यावर बसची वाट बघतात तसे. बाहेर टेबलावर मशीनचा काटा वाढत होता आणि आत अप्पा वाट बघत होते. ते मी विसरणार नाही.

नंतर कानामागच्या हाडावर एक लहान डबी लावून परत तेच केलं. हाडातनं पण तेवढंच कमी ऐकू आलं, म्हणजे दोष आतल्या कानात, नसेच्या बाजूला, ऑपरेशनचं काम नाही. कागदावर उजव्या कानाचे लाल गोल आणि डाव्याच्या निळ्या फुल्या. कागदाच्या डाव्या कडेला २५० हर्ट्झ म्हणजे जाड आवाज, उजव्या कडेला ८००० म्हणजे बारीक. रेघ सुरवातीला बरी आणि मग उतारावरनं घसरल्यासारखी खाली. सरासरी उजवा ४५ डेसिबल, डावा ५०, म्हणजे आवाज तेवढा मोठा केला तरच ऐकू येतो, आणि बारीक आवाजांना दोन्ही कानांना ७० च्या वर लागतात.

शेवटी शब्दांची टेस्ट, हेडफोनमध्ये शब्द येतात ते परत म्हणायचे. तिथल्या मुलीनं कन्नड यादी लावली. चिकोडीच्या ताईंचं वाचलेलं डोक्यात होतं म्हणून मी दार वाजवून विचारलं, मराठीत घेता का. ती म्हणाली हो घेऊया की, तुम्ही आधी सांगायला पाहिजे होतं. आवाज दोन्ही वेळा तेवढाच मोठा ठेवलेला. कन्नडमध्ये २५ पैकी ११ आले होते, मराठीत १८.

श्रवणतज्ज्ञ_चिकोडी
फार चांगलं केलंत. शब्दांची टेस्ट पेशंटच्या घरच्या भाषेतच व्हायला हवी, नाहीतर कान आहे त्यापेक्षा वाईट दिसतो आणि मशीनचा उपयोग होणार नाही असा चुकीचा निष्कर्षसुद्धा निघू शकतो. वाचणाऱ्या सगळ्यांना सांगते, आत जायच्या आधी सांगा की घरी मराठी बोलतो. कन्नड घरच्यांनी कन्नड मागा, उर्दू बोलणाऱ्यांनी उर्दू. यात कुणाचा अपमान नाही आणि राजकारण तर अजिबात नाही.

१८ चांगला आकडा आहे. दोन्ही कानांना मशीन लावा, एकाच नको, आवाज कुठल्या दिशेनं आला ते दोन्ही कानांवरच कळतं.

खानापूरची_माहेरवाशीण
खर्चाचं कुणी सांगाल का? आमच्या वाडीत दोघं म्हातारे असेच आहेत, मुलं गोव्याला कामाला, पैसे नाहीत.

श्रवणतज्ज्ञ_चिकोडी
दोन वाटा आहेत. केंद्राची अपंगांसाठीची एडिप योजना १९८१ पासनं आहे, त्यात श्रवणयंत्र मिळतं, पण ४० टक्के अपंगत्वाचं सर्टिफिकेट लागतं, ते यूडीआयडी म्हणजे अपंगत्वाच्या ओळखपत्रासाठी सरकारी दवाखान्यातनं होतं. २०१६ च्या कायद्यात दोन्ही कानांनी ६० ते ७० डेसिबल गेलं तर कमी ऐकू येणारा आणि ७० च्या पुढं कर्णबधिर असं धरलंय, म्हणून अनगोळकरांच्या अप्पांसारखे ४५-५० वाले त्यात बसत नाहीत, पण त्यांना यंत्राची गरज नाही असं नव्हे. दुसरी राष्ट्रीय वयोश्री योजना, २०१७ ची, साठच्या वरच्या गरीब वृद्धांसाठी, शिबिरात काठी, चष्मा, कवळी देतात तसं श्रवणयंत्रही देतात. जिल्ह्याच्या अपंग आणि ज्येष्ठ नागरिक कल्याण खात्यात चौकशी करा. अवघड केस असेल, लहान मूल असेल, तर म्हैसूरला मानसगंगोत्रीत ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ स्पीच अँड हिअरिंग आहे, १९६५ पासनं केंद्र सरकारची, तिथं जरूर न्या.

वडगावचा_माग
ताई, रविवारी शेड बंद असती म्हणून सोमवारी सकाळी जाऊन आलो. तुम्ही म्हणाला तसाच ४००० ला खड्डा आहे, दोन्हीकडं, बाकी ठीक. मशीन नको म्हणाले, प्लग घाला आणि वर्षानं परत या. माझ्याबरोबरच्या चौघांना पण कागद दाखवला, त्यातले दोघं येत्या सोमवारी जाणार आहेत. मालक म्हणाले प्लगचे पैसे ते देतील.

अनगोळकर
अप्पांना दोन्ही कानांना मशीन लावून तीन आठवडे झाले, त्याचं सांगतो. पहिले चार दिवस अप्पा वैतागलेले, स्वतःचा आवाज हंड्यात तोंड घालून बोलल्यासारखा येतोय म्हणाले, ताटवाट्यांचा आवाज सोसेना. तिथल्या मुलीनं सांगितलं होतं की आधी घरात, शांत ठिकाणी, दोनतीन तास, मग वाढवत न्या, तसंच केलं. दुसऱ्या आठवड्यात नात शाळेतनं येऊन काय काय सांगत होती आणि अप्पांनी टीव्ही बंद केला. बॅटरी नारिंगी स्टिकरवाली १३ नंबरची आहे, स्टिकर काढून मिनिटभर उघडी ठेवून मगच घालायची हे आता तेच आम्हाला सांगतात.

एकच अडचण आहे. नातीनं गळ्यात हात टाकला की डावं मशीन कुंई करून शिट्टी मारतंय, फोन कानाला लावला तरी तेच. बिघडलंय काय?

श्रवणतज्ज्ञ_चिकोडी
बिघडलेलं नाही. साचा, म्हणजे मशीनचा कानात बसणारा भाग, सैल बसलाय, आतला आवाज बाहेर येऊन परत माइकमध्ये जातोय. कानाचं माप परत घेऊन साचा नव्यानं करायला लावा. तोपर्यंत फोन कानाच्या भोकावर न धरता वर, मशीनच्या माइकजवळ, जरा तिरका धरायला सांगा.

अनगोळकर
बरं ताई. बुधवारी साच्याचं माप द्यायला जायचंय. मी सुट्टी काढतो म्हणालो तर अप्पा म्हणाले नको, बसनं जाऊन येतो एकटाच.